पूर येण्याआधी : व्यापाऱ्याने दुकानाबरोबर घराचाही बंदोबस्त करावा

या पानावर आम्ही सहसा सुताचे भाव, सुरतेचा बाजार, जीएसटीतील बदल अशाच विषयांवर लिहीत आलो आहोत. आजचा विषय वेगळा वाटेल. पावसाळ्यात पूर आला तर घरातील माणसांची तयारी काय असावी, हा प्रश्न व्यापाराच्या पानावर कशाला, असे एखादा वाचक विचारील. आमचे उत्तर असे की, पुराच्या वेळी व्यापारी माणूस जी सर्वांत मोठी चूक करतो ती व्यापारी म्हणूनच करतो. पाणी चढू लागले की त्याचे पाय दुकानाकडे वळतात. आमचेही तसेच झाले.

आम्ही चिपळूणचे. कापडाचा धंदा मरहूम अब्बांच्या वेळेपासूनचा, दुकान बाजारपेठेत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस सर्वांच्या लक्षात आहे. पण त्याच पावसात चिपळूण आणि महाडही बुडाले याची आठवण बाहेरच्यांना कमी. त्या वेळी आमच्या दुकानात काउंटरच्या वर पाणी चढले होते. पाणी उतरल्यावर अब्बांनी भिंतीवर लाल रंगाने एक रेघ ओढली आणि सुताराला बोलावून रेघेच्या वर हातभर अंतर सोडून फळ्या ठोकून घेतल्या. "आता पुन्हा आले तरी माल कोरडा राहील," असे ते म्हणाले. सोळा वर्षे आम्ही त्या रेघेच्या भरवशावर निर्धास्त राहिलो.

२०२१ साली बकरी ईद २१ जुलैला, बुधवारी होती. दिवसभर पाऊस होताच, पण ईदच्या गडबडीत कोणाचे लक्ष? करोनामुळे पाहुणे कमी, तरी घरात माणसे होती, कुर्बानीचे वाटप झाले, रात्री थकून सर्व झोपलो. पहाटे तीनच्या सुमारास बाजारपेठेतील शेजारच्या दुकानदाराचा फोन आला की नाल्याचे पाणी रस्त्यावर आले आहे. आम्ही आणि थोरला मुलगा मोटारसायकलवर निघालो. निघताना मुलांच्या अम्मीने विचारले, "आमचं काय?" आम्ही म्हणालो, "इथे काय येतंय, तासाभरात येतो."

त्या तासाभराचे छत्तीस तास झाले.

दुकानात शिरून आम्ही खालच्या फळ्यांवरचे तागे वर टाकू लागलो. गणपतीचा सीझन जवळ होता, टाळेबंदी उठल्यावर उमेदीने माल भरला होता, सुरतेच्या गाठी तर अजून सोडल्याही नव्हत्या. शटरखालून पाणी आले तेव्हा वाटले, अजून वेळ आहे. गुडघ्यापर्यंत आले तेव्हाही तेच वाटले. मग मुलाने हात धरून बाहेर ओढले. तोपर्यंत रस्त्याला इतकी ओढ होती की घराकडे जाणे शक्यच नव्हते. समोरच्या इमारतीच्या जिन्यावर चढलो आणि तिथूनच अब्बांची रेघ, त्यांच्या फळ्या आणि शेवटी दुकानाची पाटी पाण्याखाली जाताना पाहिली.

घरी काय चालले होते ते दुसऱ्या दिवशी दुपारी समजले. आमचा ब्लॉक तळमजल्यावरचा. अम्मांना जिना चढवत नाही म्हणून मुद्दाम तळमजला घेतलेला. अम्मा त्या वेळी ऐंशीच्या पुढे, मधुमेहाच्या, इन्सुलिनवर. घरात त्या, मुलांची अम्मी, सून आणि आठ महिन्यांचा नातू. कर्ता म्हणावा असा पुरुष एकही नाही. पाणी न्हाणीघराच्या मोरीतून उलटे वर आले. दिवे गेले. शेजारच्या इमारतीतील दोन मुलगे, त्यातला एक आमचा गिऱ्हाईकही नव्हे, आले आणि अम्मांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून, खुर्चीसकट दुसऱ्या मजल्यावर घेऊन गेले. सुनेने बाळ घेतले. मुलांच्या अम्मीने फ्रीजमधून इन्सुलिन काढले, सुया मात्र राहिल्या. कागदपत्रांची फाईल लोखंडी कपाटाच्या अगदी तळच्या खणात होती, कारण चोराला पटकन सापडू नये म्हणून आम्हीच ती तिथे ठेवली होती.

अल्लाहची मेहरबानी की चौघेही वाचली. परंतु त्यात आमचा हात काडीचाही नव्हता. आम्ही त्या वेळी साड्यांचे गठ्ठे वाचवत होतो, आणि तेही वाचले नाहीत.

पाणी कसे येते हे आधी समजून घ्या

आपल्या गावच्या पाण्याचा स्वभाव ज्याला माहीत नाही त्याची तयारी फुकट जाते. चिपळूणचे उदाहरण घ्या. कोयना धरण सह्याद्रीच्या पलीकडे, सातारा जिल्ह्यात. त्याचे पाणी बोगद्यांतून अलीकडे पोफळीच्या वीजगृहात येते, तेथून कोळकेवाडीच्या जलाशयात, आणि वीज तयार करून झाल्यावर ते वाशिष्ठी नदीत सुटते. म्हणून वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहती असते. पावसाळ्यात घाटमाथ्याचे पाणी, हे सुटलेले पाणी आणि गावातून येणाऱ्या शिव नदीचे पाणी एकत्र होते. खाली गोवळकोटपर्यंत दाभोळच्या खाडीची भरती पोहोचते. भरती चढती असली की नदीला पुढे जायला वाट मिळत नाही आणि पाणी बाजारात पसरते. नदीत साठलेला गाळ हे आणखी एक कारण, आणि तो काढावा यासाठी २०२१ नंतर चिपळूणकरांनी आंदोलनही केले. २२ जुलै २०२१ च्या सकाळी भरती चढत होती, आणि पौर्णिमा दोनच दिवसांवर होती.

भरतीचा हिशेब आपल्या लोकांना सोपा आहे, कारण आपण चांदाची तारीख पाळतो. पहिल्या आणि पंधराव्या चांदाच्या आगेमागे दोन-तीन दिवस समुद्राला उधाण असते. त्या दिवसांत कोकण किनाऱ्यावर भरती साधारण दुपारी बाराच्या व रात्री बाराच्या सुमारास येते, आणि पुढे रोज सुमारे पन्नास मिनिटे मागे सरकते. खाडीच्या आतल्या गावात थोडी आणखी उशिरा. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच दिवशी जुळत असेल तर ती रात्र झोपण्याची नाही. आमच्याकडे आता कॅलेंडरवर जून ते सप्टेंबरचे असे दिवस सुनेने पेन्सिलीने खुणावून ठेवलेले असतात.

कोकणातील पूर आणि देशावरचा पूर यांत फरक आहे. आमच्या नद्या आखूड आणि उताराच्या. पाणी काही तासांत डोक्यावर येते आणि एक-दोन दिवसांत उतरते. सांगली-कोल्हापूरकडे २०१९ साली पाणी हळूहळू चढले, पण आठवड्याहून अधिक काळ घरांत राहिले. तेव्हा कोकणातल्या माणसाने एका रात्रीची झटपट तयारी ठेवावी, तर कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या माणसाने पंधरा दिवस घराबाहेर राहण्याची. भिवंडीच्या व्यापाऱ्याने कामवारी नदीकडे आणि मालेगावच्या व्यापाऱ्याने मोसमकडे याच नजरेने पाहावे. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांचा प्रश्न याहून निराळा आहे. महाड तालुक्यातील तळिये गावावर त्याच २२ जुलैला दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. तेथे पहिला मजला, दुसरा मजला यांचा उपयोग नसतो, जागाच सोडावी लागते. मागच्या डोंगराला नव्या भेगा पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, ही चिन्हे दिसली की सामान न बांधता निघावे.

हवामान खात्याचा इशारा रंगात येतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस म्हणजे त्यांच्या भाषेत अत्यंत मुसळधार. मोबाईलवर सरकारचे 'सचेत' नावाचे अॅप आहे, त्यावर जिल्ह्याचा इशारा मिळतो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आणि तातडीच्या मदतीचा ११२, हे दोन घरातील लहान मुलांनाही पाठ असावेत. मात्र आमच्या तजुर्ब्याने सांगतो, इशारा येतो तेव्हा माणूस तो वाचतो आणि म्हणतो, मागच्या वेळीही आला होता, काही झाले नाही. म्हणून कधी हलायचे हे पावसाळ्याआधीच ठरवून ठेवावे. आमच्या घरात आता ठरले आहे : लाल इशारा आणि रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या मोरीला पाणी लागले, या दोन गोष्टी एकत्र झाल्या की घरातील माणसे वर जातील. त्यासाठी कोणाला विचारायचे नाही, कोणाची वाट पाहायची नाही. कर्ता पुरुष घरात नसला तरी हा निर्णय घरातल्या बाईने घ्यायचा आहे, आणि घेतल्यावर "उगाच घाबरलात" असे तिला कोणी म्हणायचे नाही.

घरातल्या माणसांची वाटणी

दुकानात नोकरांना कामे वाटून दिलेली असतात. कोण शटर पाडणार, कोण गल्ला मोजणार, सर्व ठरलेले. घरात मात्र आपण म्हणतो, वेळ आली की बघू. वेळ येते ती अंधारात येते. आमच्या घरात आता अम्मांना कोण उचलणार, बाळ कोण घेणार, पिशवी कोण घेणार, मेन स्विच कोण बंद करणार हे ठरलेले आहे. शेजारच्या त्या दोन मुलांनाही आम्ही सांगून ठेवले. मोहल्ल्यात ज्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे किंवा नुकती बाळंतीण आहे, त्या घरांची माहिती जमातीच्या तरुणांकडे आधीपासून असावी. मशिदीच्या माळ्यावर किंवा मदरशाच्या वरच्या मजल्यावर रात्र काढता येईल का, किल्ली कोणाकडे असते, हे पावसाळ्याआधी विचारून ठेवण्यात कमीपणा नाही. २०२१ साली ज्याचे दार उघडे होते तिथे लोक चढले, आणि दार उघडताना कोणी कोणाची जात-धर्म विचारली नाही.

मेन स्विच पाणी मीटरच्या जवळ येण्याआधी बंद करावा. पाय ओले असताना, पाण्यात उभे राहून स्विचला हात लावू नये. इन्व्हर्टर विसरू नका. मेन बंद असला तरी त्यात वीज असते. गॅसचा सिलिंडर पाण्यावर तरंगतो, आम्ही रस्त्यावरून वाहत जाणारे लाल सिलिंडर मोजले आहेत. रेग्युलेटर बंद करून काढावा, टोपी लावावी आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीने बांधावा.

वाहत्या पाण्यात उतरू नये, हे सर्व सांगतात, पण किती पाणी म्हणजे जास्त हे कोणी सांगत नाही. सहा इंच पाणी वेगात असेल तर धडधाकट माणसाचा पाय उचलते. फूटभर पाणी लहान मोटारीला तरंगवते. मोटारीत पाणी शिरले असेल तर पुराच्या नंतर ती चालू करून पाहू नये, इंजिनात पाणी ओढले जाते आणि दुरुस्तीचा खर्च अनेक पटींनी वाढतो. विमाही अशा वेळी हात वर करू शकतो. ज्यांच्या गाडीचा विमा फक्त थर्ड पार्टीचा आहे त्यांना पुराचे काहीच मिळत नाही, हे आमच्या ओळखीच्या पुष्कळांना त्याच दिवशी समजले.

पिशवीबद्दल. दोन दिवस पुरेल एवढे प्यायचे पाणी, माणशी रोज तीन-चार लिटर धरून. नळाचे पाणी पुरानंतर कित्येक दिवस पिण्यासारखे नसते. चणे-फुटाणे, खजूर, बिस्किटे, बाळासाठी दुधाची पावडर. आठवड्याचे औषध, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीची प्रत. मधुमेहाचे माणूस असेल तर इन्सुलिनबरोबर सुया आणि साखर मोजायचे यंत्र एकाच डब्यात ठेवावे, आमच्यासारखे अर्धे फ्रीजमध्ये आणि अर्धे कपाटात नको. वापरात असलेले इन्सुलिन फ्रीजबाहेर सावलीच्या थंड जागी साधारण चार आठवडे टिकते, त्यामुळे वीज गेली म्हणून ते फेकून देण्याची घाई करू नये. अम्मांना त्या रात्री वरच्या मजल्यावरच्या एका मधुमेही गृहस्थाने आपल्याकडच्या नव्या सुया दिल्या. बॅटरी, शिटी, पॉवर बँक, आणि सुट्ट्या नोटा. दोन-चार दिवस एटीएम बंद असतात आणि मोबाईलने पैसे देणे नेटवर्कशिवाय होत नाही.

फोनची गोष्ट आणखी एक. गावातल्या गावात फोन लागत नाहीत. आमचा धाकटा मुलगा कुवेतला असतो. तो आम्हाला लावत होता, अम्मीला लावत होता, मामूंना लावत होता, कोणाचाच लागेना. दीड दिवस त्याने कामावर कसे काढले ते त्यालाच ठाऊक. आता आम्ही मुंब्र्याच्या आमच्या बहिणीचा नंबर ठरवला आहे. घरातील जो कोणी जिथे असेल त्याने संधी मिळताच तिला एक निरोप द्यायचा, "आम्ही अमक्या ठिकाणी, इतकी माणसे, सुखरूप." बाकी सर्वांनी तिच्याकडेच चौकशी करायची. बॅटरी वाचते आणि दहा फोनांचे काम एका फोनात होते. हा नंबर प्रत्येकाच्या पाकिटात कागदावर लिहिलेला असावा, कारण फोन बंद पडला की आजकाल कोणाला कोणाचा नंबर पाठ नसतो.

कागद

कपडे परत घेता येतात. कागद परत मिळवताना माणूस झिजतो. आमच्या फाईलमध्ये घराचे खरेदीखत, दुकानाचा करार, विम्याची पॉलिसी, निकाहनामे, मुलांचे शाळेचे दाखले आणि तीन पासपोर्ट होते. भिजलेला पासपोर्ट चालत नाही, नवा काढावा लागतो. कोकणात घरटी एक माणूस आखातात असतो, सुट्टीवर आलेला असला आणि परतीचे तिकीट हातात असताना पासपोर्टची लापशी झाली तर नोकरीवर येते.

उपाय महाग नाही. सर्व कागदांचे फोटो काढून ते गावाबाहेरच्या नातलगाकडे पाठवून ठेवावेत. आधार, वाहनाचा परवाना, गुणपत्रिका असे कागद सरकारच्या डिजिलॉकरमध्ये ठेवता येतात. मूळ कागद जाड प्लास्टिकच्या, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, घरातील सर्वांत उंच जागी ठेवावेत. चोराच्या भीतीने तळाशी ठेवू नयेत. दागिन्यांसाठी लॉकर आहे, पण लॉकर तळघरात असेल तर बँकेला विचारून वरचा मागावा.

दुकानाचा माल आणि उधारी

भिजलेल्या मालाचे काय होते ते कापडवाल्याला सांगायला नको. सुती कापड पाणी धरते, ताग्याचे वजन दोन माणसांना उचलेना इतके होते, आणि एक-दोन दिवसांत बुरशी धरू लागते. रंगीत तागा पांढऱ्यावर फुटतो. पॉलिस्टर धुऊन निघते, पण चिखलाचा वास घडीत बसतो आणि मग ते कट पीसच्या भावातही कोणी घेत नाही. म्हणून पावसाळ्यापुरता तरी भारी माल वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या गोदामात न्यावा, आणि ऑर्डर देताना हप्त्याहप्त्याने माल मागवावा. सुरतेचा व्यापारी एकदम घेतल्यास सवलत देतो खरे. ती सवलत आम्ही २०२१ साली घेतली होती.

विम्याबद्दल. विमा जायज की नाजायज या बहसेत आम्ही पडत नाही, ज्यांना शंका आहे त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. ज्यांना घ्यायचा नाही त्यांनी हप्त्याएवढी रक्कम दरवर्षी वेगळी काढून तिला हात लावू नये. पण ज्यांची बँकेत कॅश क्रेडिट आहे त्यांच्या मालाचा विमा बँक उतरवतेच, तो नेमका कशाचा आहे हे वाचावे. आमचा होता. पॉलिसीवर पत्ता फक्त दुकानाचा होता, आणि अर्धा माल गल्लीतल्या गोदामात. गोदामाचे काही मिळाले नाही. दुसरे, रक्कम कित्येक वर्षांपूर्वीची. समजा, माल २० लाखांचा आहे आणि विमा १२ लाखांचा. नुकसान १० लाखांचे झाले तर कंपनी १० लाख देत नाही, जितक्या प्रमाणात विमा कमी तितक्या प्रमाणात कापून ६ लाख देते. १ एप्रिल २०२१ पासून लहान व्यापाऱ्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे, पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी. तीत विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तर कपात होत नाही. घरासाठी 'भारत गृह रक्षा' आहे. घरातील सामानाला तीत इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढे संरक्षण आपोआप मिळते. दोन्हींत पूर धरलेला आहे.

जीएसटीचाही एक मुद्दा आहे, तो पुष्कळांना नंतर कळतो. कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे नष्ट झालेल्या मालावर घेतलेले इनपुट क्रेडिट परत करावे लागते. म्हणजे माल गेला, आणि त्यावरचा करही खिशातून गेला. विम्याची रक्कम ठरवताना हे आपल्या सीएला विचारून घ्यावे. एक बरे की खरेदीची बिले भिजली तरी पोर्टलवर जीएसटीआर-२बी मध्ये पुरवठादाराच्या बिलांची नोंद सापडते. सर्व्हेअरला आम्ही तीच दाखवली.

उधारीची वही मात्र कोणत्याही पोर्टलवर नसते. आमची वही गल्ल्याखालच्या खणात होती. चार दिवसांनी चिखलातून निघाली तेव्हा शाई पसरून पानांचा एक गोळा झाला होता. किती येणे होते याचा अंदाज होता, कोणाकडून हे निम्मेच आठवत होते. काही गिऱ्हाइके स्वतःहून आली. मिरजोळीच्या एक बाई येऊन म्हणाल्या, "चाचा, तुमची वही गेली असंल, माझ्याकडे दोन हजार तीनशे आहेत, लिहून घ्या." काही आली नाहीत. त्यांना आम्ही काही म्हणू शकत नाही, त्यांची घरेही बुडाली होती.

पाणी उतरल्यावर

चिपळूणच्या एसटी आगारातले व्यवस्थापक त्या दिवशी सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर तासन् तास बसून राहिले होते, वर्तमानपत्रांत ते छापून आले. सरकारी अमानत म्हणून त्यांनी केले, त्यांना सलाम. दुकानदाराने मात्र गल्ल्यासाठी थांबू नये.

पाणी उतरल्यावर घाई होते ती साफसफाईची. दुर्गंधी असते, शेजारी ओरडतात, पालिकेच्या गाड्या येतात आणि आपण सर्व फेकून देतो. त्याआधी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो आणि चित्रफीत काढावी, भिंतीवरील पाण्याच्या खुणेसकट. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे, आणि सर्व्हेअर पाहीपर्यंत माल ठेवणे अशक्य असेल तर निदान तसे लेखी कळवून प्रत्येक ताग्याचा हातभर तुकडा कापून ठेवावा. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. ३ ऑगस्ट २०२१ रोजी राज्य सरकारने साडेअकरा हजार कोटींची मदत जाहीर केली होती. त्यात दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार रुपये होते. मिळेल ते घ्यावे, पंचनाम्याशिवाय तेही मिळत नाही. परंतु कापडाच्या दुकानात ५० हजारांत एक रॅकही भरत नाही, हे ध्यानात ठेवून आपला हिशेब आपण करावा.

चिखल काढताना पायात गमबूट असावेत. पायाला चीर असेल तर पुराच्या पाण्यातून लेप्टोचा ताप येतो, उंदरांच्या लघवीमुळे. ताप, अंग मोडून येणे, डोळे लाल होणे दिसले की डॉक्टरकडे जावे, घरच्या गोळ्यांवर काढू नये. प्रतिबंधक गोळीही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. साफसफाईला बाया आणि नोकर आणले तर त्यांनाही गमबूट द्यावेत.

अम्मा २०२३ साली आपल्या मौतीने गेल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये. तळमजल्यावरचा आम्ही विकला, पुराची गोष्ट न लपवता, त्यामुळे भाव थोडा कमी आला. दुकान तिथेच आहे. जून लागला की खालच्या दोन फळ्या आम्ही रिकाम्या करतो, आणि नवे गिऱ्हाईक येऊन विचारते की दुकान बंद करताय का. भिंतीवर अब्बांची लाल रेघ अजून आहे, तिच्या बऱ्याच वर, माळ्याजवळ, मुलाने दुसरी ओढली आहे. उधारीच्या वहीच्या पानांचे फोटो काढायचे काम दर शुक्रवारी जुम्याआधी सून करते आणि मुंब्र्याला पाठवते.